डॉपलरचं बटण

आमच्या धंद्यात नवीन व्हर्जन शुक्रवारी रात्री डिप्लॉय करायचं आणि सोमवारी युजर्सच्या शिव्या खायच्या, एवढंच असतं. सोनोग्राफीत तसं चालत नाही राव. डॉपलरचं बटण तर मशीनवर केव्हापासूनच आहे. अपग्रेड करायचा असतो तो हात.

तर झालं असं, ताई धुळ्याला दिलीय. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात बीपी चढलं, बाळ लवकर झालं, काचेच्या पेटीत राहिलं. या वेळी मी सुट्टीला जळगावला आलो होतो, म्हणून बाराव्या आठवड्यात तिच्यासोबत गेलो. रेडिओलॉजिस्टनं नेहमीची तपासणी झाल्यावर गर्भाशयाकडे जाणाऱ्या दोन्ही धमन्यांचा डॉपलर केला. पन्नाशीचा माणूस, आणि हे नुकतंच ट्रेनिंग घेऊन शिकलेला. मी खोदून विचारलं (सवय!), त्यांनीही सांगितलं.

गेट २ मिलिमीटर, कोन ३० अंशांच्या आत, एकसारख्या तीन लाटा, दोन्ही बाजूंची सरासरी. येणारा आकडा म्हणजे पीआय, तो तर गुणोत्तर. मग कोनाचा एवढा हट्ट कशाला? कारण वेग सेकंदाला ६० सेंटिमीटरच्या वर दिसला, तरच आपण योग्य धमनीवर आहोत, शेजारच्या फांदीवर नाही. हे वाचून येत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. रेडिओलॉजिस्टांची देशपातळीवरची संघटना ‘संरक्षण’ नावाच्या कार्यक्रमातून हेच शिकवते.

पीआय, बीपी आणि आधीचा इतिहास मिळून धोका जास्त निघाला, तर डॉक्टर कमी डोसचं ॲस्पिरिन सुरू करतात. २०१७ च्या ‘ॲस्प्रे’ चाचणीत जास्त धोक्याच्या बायकांमध्ये ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला. पण गोळी सोळाव्या आठवड्याआधी सुरू व्हायला हवी.

खरी गोची इथेच आहे. बाहेर साक्री, शिंदखेड्याहून एसटीनं आलेल्या बायकांची रांग. प्रत्येकीमागे वेळ वाढतो, त्यात प्रत्येकीचा फॉर्म एफ. तोही हवाच, २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या, हे कसं विसरणार? आणि कितीतरी जणी पहिल्यांदा येतात त्याच पाचव्या महिन्यात. म्हणजे अर्धं ट्रेनिंग रेडिओलॉजिस्टचं, अर्धं त्यांच्याकडे पेशंट पाठवणाऱ्यांचं.

ताईचा धोका जास्त निघाला, गोळी सुरू झाली. आई रोज फोनवर, “काय म्हने डॉक्टर?” आज चौतिसावा आठवडा, बीपी ठीक आहे. गोळीमुळे की नशिबानं, ते एका केसवरून सांगता येत नाही. आमच्याकडे याला सॅम्पल साइझ एक म्हणतात :)

असो. घरात कुणी असेल तर तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनानं गोळ्या मात्र नकोत. बाकी पुढच्या शनिवारी.