बाळू पालवणकरांना आपण कुठे ठेवायचे?

यंदा जयंतीच्या क्रिकेट स्पर्धेच्या करंडकाला बाळू पालवणकरांचे नाव द्यावे, असे आम्ही मंडळाच्या बैठकीत सुचवले आणि बैठक तिथेच थांबली. विहारात वीस-पंचवीस माणसे होती. निम्म्यांना हे नाव माहीत नव्हते. ज्यांना माहीत होते त्यांच्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठून उभे राहिले. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, चाळीस वर्षे निळा झेंडा खांद्यावर वाहिलेले. ते म्हणाले, "बाबासाहेबांच्या विरोधात निवडणूक लढवणाऱ्या माणसाचं नाव बाबासाहेबांच्या जयंतीत? आधी मला मंडळातून काढा, मग द्या."

आम्ही गप्प बसलो. कारण ते म्हणत होते ते खरे होते.

हे नाव निघाले कसे, ते आधी सांगायला हवे. आमच्या वस्तीतली पोरे संध्याकाळी मोबाइलवर युरोपातले फुटबॉल सामने बघतात. सादिओ माने, सलाह, द्रोग्बा ही नावे त्यांच्या तोंडात गल्लीतल्या मित्रांसारखी असतात. वस्तीच्या खालच्या अंगाला चर्मकार समाजाची काही घरे आहेत. तिथला एक पोरगा गोलंदाजी फार चांगली टाकतो. शहरातल्या एका क्लबात दोन वर्षे नेटमध्ये त्याच्याकडून हवी तेवढी गोलंदाजी करून घेतली, संघाच्या यादीत मात्र नाव कधी लागले नाही. त्यानेच एकदा विचारले, "दादा, ही आफ्रिकेतली पोरं गोऱ्यांच्या मुलखात जाऊन नाव काढतात. आपलं कोणी गेलं होतं का असं?"

गेले होते. 1911 साली. तेव्हा आफ्रिकेतले खेळाडू युरोपच्या मैदानावर हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच होते.

बाळू बाबाजी पालवणकर, जन्म 1876, धारवाड. घराणे मूळचे कोकणातले, चर्मकार समाजाचे. वडील लष्कराच्या नोकरीत. (बाबासाहेबांचेही वडील लष्करातलेच. आपल्या लोकांना पहिली वाट गोऱ्याच्या छावणीतून सापडली, ही गोष्ट काही विद्वानांना टोचते. टोचू द्या.) पुण्यात पोरसवदा बाळू आधी पारशांच्या आणि मग युरोपियनांच्या जिमखान्यावर कामाला लागले. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, जाळी बांधायची. पगार महिना चार रुपये. साहेब लोकांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकायला हवाच होता, म्हणून हातात चेंडू आला. जे. जी. ग्रेग हा त्या काळातला नावाजलेला इंग्रज फलंदाज. बाळूंनी त्याला तासन् तास गोलंदाजी केली. बाद केले की ग्रेग आठ आणे देई, असे सांगतात. बॅट मात्र बाळूंच्या हातात कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे कामगाराचे काम, बॅट धरणे हा मालकाचा मान! कामाची वाटणी आणि काम करणाऱ्यांची वाटणी यांत काय फरक आहे हे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले, तो फरक पुण्याच्या नेटमध्ये रोज दिसत होता.

डावखुरी फिरकी अशी की पुण्याच्या हिंदूंना युरोपियन संघाला हरवायचे तर बाळूंवाचून गत्यंतर उरले नाही. घेतले. पण कसे घेतले ते बघा. मैदानावर बाळूंनी फिरवलेला चेंडू सगळे हाताळत होते. चेंडूला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू आत कपबशीत चहा घेत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. हात-तोंड धुवायचे तर पाणी ओतायला अस्पृश्य गडीच लागे. दुपारी बळी घ्यायचे ते संघासाठी, आणि मधल्या सुट्टीत महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावकुसाबाहेर जसे बसावे तसे बसायचे.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरी धरली, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून 8 बळी घेतले. तोवर मुंबईत त्यांना संघाबरोबर जेवायला बसवू लागले होते, आणि सुधारक मंडळींनी त्याचे फार कौतुक केले. कौतुक कुणाचे? बसवणाऱ्यांचे!

मग 1911. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला. 23 पैकी 6 सामने जिंकले, 15 हरले. पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. त्यांतले 75 प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 8 गडी. ज्याला आपल्या गावच्या देवळाची पायरी बंद, त्याने विलायतेच्या पोरांना त्यांच्याच गवतावर नाचवले. धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने सत्कार केला. तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या विशीतल्या भीमरावांना या माणसाचा केवढा अभिमान होता, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. आपल्यातला एक माणूस नुसत्या कर्तबगारीवर जगापुढे उभा राहिलेला, असा दुसरा त्या वेळी होता कोण?

आता त्या पोराच्या प्रश्नातल्या आफ्रिकेकडे थोडे वळू. लायबेरियाचा जॉर्ज वीआ मोनरोव्हियाच्या झोपडपट्टीत वाढला, 1988 मध्ये मोनाकोत आला, मग पॅरिस, मग मिलान. 1995 साली त्याला जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरवले. कॅमेरूनचा सॅम्युएल एटो बार्सिलोनाकडून खेळायचा. 2006 च्या फेब्रुवारीत सारागोसाच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याला माकडाचे आवाज काढून चिडवले, तेव्हा तो "बास झालं" म्हणून मैदान सोडून निघाला. सहकारी, प्रशिक्षक, पंच, अगदी समोरच्या संघातले खेळाडूही त्याला थांबवायला धावले. तो थांबला, बार्सिलोना जिंकली. आमची पोरे ती चित्रफीत पुन्हा पुन्हा बघतात. आम्हाला मात्र ती बघताना एकच गोष्ट दिसते. तो निघाला म्हणताच सगळे धावले, कारण त्याच्यावाचून खेळ अडणार होता आणि सारे जग ते बघत होते. बाळू पुण्यात मातीचे भांडे खाली ठेवून निघून गेले असते तर कोण धावले असते? आणि ते गेले असते कुठे? काळ्या खेळाडूला निदान त्याचा देश आहे, तिथे तो राजा आहे. आपला अपमान करणारे आणि आपण ज्यांच्यासाठी खेळतो ते, दोन्ही एकाच घरातले!

तरी मैदान सोडण्याची वेळ पालवणकरांवर आलीच. हिंदू संघाचे कर्णधारपद वर्षानुवर्षे एम. डी. पै यांच्याकडे राहिले. पै ब्राह्मण, पण माणूस सरळ. हा मान खरे तर ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता, असे त्यांनी 1913 मध्ये आपल्याच सत्काराच्या वेळी बोलून दाखवले. बोलून दाखवले; मान काही मिळाला नाही. 1920 साली बाळूंना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर निषेध करून खेळायचे नाकारले. तेव्हा कुठे पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार झाले, आणि पै मधूनच मैदानाबाहेर गेले म्हणून थोडा वेळ त्यांनी नेतृत्व केले. एका युगाच्या गोलंदाजीची कमाई, काही षटकांचे कर्णधारपद. विठ्ठल पालवणकर 1923 मध्ये कर्णधार झाले, संघ जिंकला, त्यांना खांद्यावर घेऊन लोक नाचले. विठ्ठलरावांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले आहे. मिळाले तर जरूर वाचा, आपल्या वाचनालयांत सहसा नसते.

'लगान' आला तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी कचरा या पात्राकडे बोट दाखवून "हे आपले बाळू" म्हटले. आमचे मत वेगळे आहे. कचऱ्याचा चेंडू फिरतो तो त्याचा हात अधू आहे म्हणून, आणि ते त्याला स्वतःला कळतही नाही. शोध लागतो तो नायकाला. बाळूंचा चेंडू फिरत होता तो वर्षानुवर्षे टाकून टाकून कमावलेल्या बोटांमुळे. आपल्या माणसाचे कसब पडद्यावर यायचे तर ते व्यंग होऊनच यावे लागते काय?

असो. मुद्दा 1937 चा आहे, आणि तो टाळून चालणार नाही.

1932 मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू एम. सी. राजा यांच्या बाजूने उभे राहिले, म्हणजे गांधींच्या बाजूने. 1933 ला मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी हिंदू महासभेच्या तिकिटावर लढवली आणि हरले. 13 ऑक्टोबर 1935 ला आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा धर्मांतराच्या विचाराला बाळूंनी विरोध केला. आणि 1937 ला मुंबई विधानसभेच्या राखीव जागेवर काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते, बाळूंना 11,225. दोन हजारांचा फरक. काँग्रेसला बाळू का हवे होते हे सांगायला नको. महार आणि चांभार मतांत फूट पाडायला यापेक्षा चांगला चेहरा मिळणे शक्य नव्हते. ज्यांनी कर्णधारपद दिले नाही त्यांना उमेदवारी द्यायला काहीच अडचण आली नाही! वीआही पुढे राजकारणात गेला, 2005 ला हरला, 2018 ला लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. पण त्याला कोणी आपल्याच माणसाचा मोहरा पाडायला पटावर ठेवले नव्हते.

मग बाळू गद्दार होते काय? आम्ही दोन आठवडे यावर आपसात भांडलो. आमचे म्हणणे असे. बाळूंनी जे पाहिले त्यावर ते बोलले. त्यांनी आपल्या डोळ्यांनी मातीच्या भांड्यापासून संघाच्या पंगतीपर्यंतचा प्रवास पाहिला होता. भाऊ कर्णधार झालेला पाहिला होता. हिंदू समाज हळूहळू का होईना जागा देतो, आपण मैदानात टिकून राहायचे, असे त्यांना वाटले. चांगले खेळणाऱ्या प्रत्येकाला असेच वाटते. नेटमध्ये दोन वर्षे राबणाऱ्या आमच्या त्या पोरालाही वाटते.

बाबासाहेबही मैदानात टिकून बघत होतेच की. 2 मार्च 1930 ला पंचवटीत काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या आज्या-पणज्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला. रामनवमीच्या रथाला हात लावू देतो म्हणून सांगितले आणि वर दगड घातले. हे सगळे पाहून 1934 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना कळवले की आता मंदिरप्रवेशासाठी शक्ती घालवायची नाही. मैदान कधी सोडायचे, हे ज्याला कळते तो नेता.

म्हणून आम्ही त्या ज्येष्ठांना म्हटले, बाळूंचे मत बाबासाहेबांच्या विरोधात गेले, पण त्यांचे आयुष्य बाबासाहेबांच्या बाजूने साक्ष देते. 114 बळी घेऊनही संघ ताब्यात येत नाही, हे याहून स्पष्ट कोण सांगणार? हा साक्षीदार आपणच हाकलून दिला तर त्याला उद्या 'समरसते'वाले हार घालून घेऊन जातील. घातलाच आहे म्हणा. आणि खालच्या अंगाची ती घरे जयंतीला वर्गणी देतात, पण मिरवणुकीत लांबून चालतात. त्यांच्या घरातला एकही फोटो आपल्या मंचावर कधी नव्हता, हेही आम्ही बोललो. ते ऐकायला कोणालाच आवडले नाही, आम्हालाही नाही.

ज्येष्ठ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठेवा नाव. पण फलकावर 1911 लिहाल तसं 1937 पण लिहा. मतांसकट. लपवायचं नाही."

हे आम्हाला पटले. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स छापणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, साहेब, फोटोच्या खाली एवढा मजकूर बसणार नाही, काहीतरी कमी करा. आम्ही म्हटले, अक्षर लहान कर, पण आकडा एकही गाळू नकोस. तो पोरगाही आमच्याबरोबर आला होता. त्याने खिशातून पेन काढले, 13,245 आणि 11,225 हे आकडे कागदावर नीट पुन्हा लिहून दिले, आणि फ्लेक्सवाल्याला विचारले, "आणि ते 114, ते जरा मोठं करता येईल का?"