नामसाधर्म्य आणि व्यावसायिक नोंदवह्या

बीड जिल्ह्यात मुंडे, सानप, नागरगोजे, केंद्रे, सोळंके अशी काही आडनावे गावेच्या गावे व्यापून आहेत, आणि ज्ञानेश्वर, नामदेव, भगवान किंवा परळीच्या ज्योतिर्लिंगामुळे घरोघरी रूढ झालेले वैजनाथ यांसारख्या नावांशी त्यांची जोडी इतक्यांदा जुळते की, केवळ नाव व आडनाव सांगून माणूस नेमका कोण हे ठरवता येत नाही. गावात ही अडचण वडिलांचे नाव, वस्ती किंवा भावकी सांगितली की सुटते. ही रीत जुनी आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त जन्मशक १०३६, पित्याचे नाव महेश्वर, गोत्र शांडिल्य आणि गाव विज्जडविड अशी स्वतःची पुरेपूर ओळख देऊन ठेवली, तरीही सातव्या शतकातील त्याच नावाच्या गणितज्ञापासून त्यांना वेगळे दाखवण्यासाठी इतिहासकारांना ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ असे क्रमांक लावावेच लागले, आणि विज्जडविड म्हणजे बीड की पाटण की विजापूर हा वाद तर आजही चालतो.

आधुनिक वैद्यकाने हा प्रश्न नोंदणी क्रमांकाने सोडवला. बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे येथील डॉक्टरांची नोंदणी मुंबई इलाख्याच्या १९१२ च्या कायद्याखाली होत नसे. पुढे १९६५ च्या महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियमाने राज्याच्या निरनिराळ्या भागांतील कायदे एकत्र केले आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी एकच नोंदवही अस्तित्वात आली. गेल्या काही दशकांत दिलेल्या क्रमांकांत आधी वर्ष, मग महिना आणि शेवटी अनुक्रम असतो, त्यामुळे नाव सारखे असले तरी क्रमांक सारखा निघत नाही. २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनुसार हा क्रमांक दवाखान्यात लावणे आणि औषधाच्या चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर व पावतीवर लिहिणे डॉक्टरावर बंधनकारक आहे. रुग्ण मात्र पाटीवरचे नाव आणि पदवी वाचून आत जातो. खालच्या कोपऱ्यातील बारीक आकड्यांकडे औषध दुकानदारही क्वचितच पाहतो.

गुंतागुंत येथे संपत नाही, कारण आयुर्वेद व युनानी, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा व नोंदवह्या वेगळ्या आहेत, आणि या सर्वांखेरीज विद्यापीठाची पीएच.डी. घेतलेला प्राध्यापकही नावापुढे ‘डॉ.’ लावतो. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच गावात इतर विद्याशाखांची महाविद्यालयेही आहेत. तेव्हा एकाच नावाचे दोन ‘डॉ.’ एकाच गावात आढळले, तर एक शल्यचिकित्सक आणि दुसरा रसायनशास्त्राचा अध्यापक असू शकतो, आणि दोघांपैकी कोणीही खोटी पदवी लावलेली नसते.

मराठी नावातील मधला घटक, म्हणजे वडिलांचे किंवा पतीचे नाव, येथे फार उपयोगी पडतो. विंचूदंशावरील उपचारात प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ करणारे, मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर आणि त्यांच्या सहसंशोधक पत्नी डॉ. प्रमोदिनी हिंमतराव बावस्कर यांची नावे वैद्यकीय नियतकालिकांत ‘बावस्कर एच. एस.’ आणि ‘बावस्कर पी. एच.’ अशी छापली जातात. ही आद्याक्षरे ज्याला वाचता येतात त्याला एका व्यक्तीचे पहिले अक्षर दुसऱ्या व्यक्तीचे मधले अक्षर कसे झाले हे लगेच उमगते. संगणकाला मात्र ती निव्वळ अक्षरे असतात. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईच्या नावाचाही समावेश केला आहे, त्यामुळे पुढील पिढीच्या नोंदींत आणखी एक खूण वाढेल, अर्थात आद्याक्षरांत ती गिळली गेली नाही तर.

नाव शोधण्याची दुसरी जागा म्हणजे पेटंटची नोंदवही, आणि तिची रचना मुळातच निराळी आहे. पेटंट म्हणजे शोधावर ठरावीक मुदतीसाठी मिळणारा अनन्य हक्क. १९७० च्या पेटंट अधिनियमानुसार त्याची नोंदवही ठेवली जाते आणि बीडचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात. अर्जाच्या बारा अंकी क्रमांकात पहिले चार अंक वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा (मुंबईसाठी २), सहावा अर्जाच्या प्रकाराचा आणि उरलेले सहा अनुक्रमाचे असतात. परंतु हा क्रमांक अर्जाचा आहे, माणसाचा नव्हे. डॉक्टराला नोंदवही आयुष्यभराचा एक क्रमांक देते, शोधकर्त्याला मात्र असा कोणताही क्रमांक मिळत नाही, नाव, राष्ट्रीयत्व आणि पत्ता अशा तपशिलांवरच भागवावे लागते. त्यामुळे वैद्यक परिषदेच्या यादीतील नाव आणि पेटंटवरील नाव जुळले एवढ्यावरून ‘हेच ते डॉक्टर’ असे म्हणणे हा अंदाज ठरतो, पुरावा नव्हे. त्यातच अर्ज प्रकाशित होणे म्हणजे पेटंट मंजूर होणे नव्हे, हा फरक सत्काराच्या फलकांवर सर्रास पुसला जातो.

उलटी अडचणही, म्हणजे एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी नोंदला जाण्याची, तितकीच खरी आहे. मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांची मुद्रणाचे टंक ओतण्याच्या यंत्रांवरील पेटंटे रोमन लिपीत ‘सुंकर आबाजी बिसे’ असे वाचता येईल अशा वर्णलेखनाने नोंदलेली आहेत. मराठी उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरे टाकून ‘भिसे’ शोधणाऱ्याला ती सापडतच नाहीत. भिसे यांनी ‘ॲटोमिडीन’ हे आयोडीनयुक्त औषधही तयार केले, म्हणून औषधाच्या नोंदीवरून त्यांना वैद्य समजण्याची चूक सहज होऊ शकते. बीडकडचे ‘सोळंके’ रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जातात, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येत असल्याने अर्ज भरताना आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसते. अशा वेळी एकाच माणसाचे दोन शोधकर्ते होतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीत डॉक्टरांची नोंद आधारशी जोडून प्रत्येकाला स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याची सोय आहे. पेटंटच्या बाजूला तशी सक्ती नाही; संशोधकांसाठीचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक २०१२ पासून उपलब्ध असूनही भारतीय पेटंट अर्जात तो मागितला जात नाही. पत्त्याच्या जागी पुष्कळदा महाविद्यालयाचा पत्ता असतो आणि पत्रव्यवहारासाठी मुंबई-पुण्यातील पेटंट एजंटाचा. प्राध्यापकाने नोकरी बदलली की त्याच्या पुढच्या अर्जावर नवे गाव येते, आणि आष्टी किंवा माजलगावच्या शोधकर्त्याच्या दोन शोधांना जोडणारा दुवा म्हणून केवळ त्याचे नाव उरते.