पाटीवरचे नाव

मुंबईच्या राणीच्या बागेत महापालिकेच्या उद्यान विभागातर्फे झाडे, फुले, फळे आणि भाज्यांचे प्रदर्शन जानेवारी सरता सरता किंवा फेब्रुवारीच्या आरंभी भरत आले आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, म्हणून तेथे लोटणारी गर्दी 'उद्यानप्रेमी' ह्या शब्दात मावत नाही. लालबाग-परळची बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे, शाळांच्या रांगा, खिडकीत दोन तुळशी आणि एक कढीपत्ता बाळगून असलेल्या आज्या, असे सर्व येते. फुलांनी मढवलेल्या प्रतिकृतींपुढे फोटो काढण्यासाठी जी झुंबड उडते, तिची दखल वर्तमानपत्रे घेतातच. आम्ही पडलो मराठीची मास्तरकी करणारे. कुंडीआधी कुंडीपुढची पाटी वाचायची, ही आमची खोड.

ह्या बागेचे नावच मुळी वाचण्याजोगे आहे. 1862 साली ती खुली झाली ती व्हिक्टोरिया गार्डन म्हणून. आज तिचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. लोकांनी मात्र फार पूर्वीच व्हिक्टोरिया हे विशेषनाम गाळून राणी तेवढी ठेवून घेतली, आणि नामांतरानंतरही राणीची बाग राहिलीच. पाटी बदलली, उच्चार बदलला नाही.

आतल्या झाडांचेही तसेच. गोरखचिंच हा वृक्ष मूळचा आफ्रिकेतला. त्याच्या फळाची आंबट चव कुणाला तरी चिंचेची वाटली, अवाढव्य खोडाखाली कुणाला तरी गोरखनाथ बसलेले दिसले, आणि तो नाथपंथी झाला. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका झाडाच्या फुलात पुंकेसरांचा फणा आणि त्याखाली पिंडी दिसली. त्याला कैलासपती म्हटले गेले. ब्रह्मदेशातल्या एका देखण्या वृक्षाला इंग्रज वनस्पतिशास्त्राने गव्हर्नर जनरलच्या पत्नीचे, लेडी ॲम्हर्स्टचे, नाव दिले. आपल्याकडे तो उर्वशी झाला. दोन्ही नामकरणांत एकेक स्त्री आहे, पण पहिल्यात दरबारी मुजरा आहे आणि दुसऱ्यात झुंबरासारखी लोंबणारी फुले पाहून हरखलेला डोळा. आम्हांला दुसरे अधिक प्रामाणिक वाटते.

गुलबक्षीचे उदाहरण तर वर्गात सांगण्यासारखे. हे झाड अमेरिका खंडातले, नाव फारसी वळणाचे, आणि मराठीत ते इतके मुरले की लुगड्याच्या रंगाला तेच नाव पडले. अबोली, डाळिंबी, जांभळा ह्या रंगांच्या पंगतीत गुलबक्षी बसली तेव्हा तिचे गाव कुणी विचारले नाही. उलट, ज्याचे येणे खुपले त्याच्या नावात तसे नमूदही केले गेले. रान मोडते ती रानमोडी. 1955-56च्या सुमारास पुण्याकडे जे उपद्रवी तण दिसू लागले, त्याला पानांच्या ठेवणीवरून गाजरगवत म्हटले गेले आणि दुसरे नाव मिळाले काँग्रेस गवत. हे दुसरे नाव कोणत्या परिभाषा समितीला सुचले असते?

नाव म्हणजे कुणीतरी पाहिल्याची नोंद. प्रदर्शनाच्या विक्री-दालनांत हिंडताना हे फार जाणवते. एका दालनात काळसर-हिरव्या, मेणचट पानांचे एक झाड होते. एका बाईंनी विचारले, "ह्याला आपल्यात काय म्हणतात, दादा?" विक्रेता म्हणाला, "झेडझेड." "ते झालं हो, पण आपल्यात?" "आपल्यात पण झेडझेडच, ताई." बाईंनी झाड घेतले, पैसे दिले, आणि नावाविना ते घरी गेले. झेडझेड ही शास्त्रीय नावाची आद्याक्षरे आहेत. त्यांत ना त्या पानांची चकाकी आहे, ना पाणी साठवणारी मुळे, ना काळोख्या जिन्यातही तगून राहण्याची त्या झाडाची चिवट वृत्ती.

येथे कुणी आम्हांस शुद्धिवादी समजू नये. त्याच दालनात खाली मांडलेल्या नाजूक, मांसल पानांच्या रोपट्याला तोच विक्रेता 'ऑफिस टाइम' म्हणत होता. काहीजण त्याला चिनी गुलाबही म्हणतात. फुले सकाळी ऊन चढल्यावर, कचेऱ्या उघडण्याच्या वेळेस उमलतात म्हणून हे नाव. दोन्ही शब्द इंग्रजी, आणि तरीही नाव अस्सल आपले, कारण लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या माणसानेच ते फूल असे पाहिले असणार. 'टेबल कामिनी' हेही तसेच नामी संकरित नाव. प्रश्न शब्दाच्या कुळाचा नाही. (ब्रह्मकमळाबद्दल वाद घालणाऱ्यांनाही आमचे हेच सांगणे. खरे ब्रह्मकमळ हिमालयात आणि आपल्या गॅलरीत रात्री फुलते ते अमेरिकेतले निवडुंग, हे खरेच. पण फूल उमलणार म्हणून शेजाऱ्यांना जागे करणाऱ्या घरांनी त्या नावावर आपला हक्क केव्हाच सिद्ध केला आहे.)

आमची चिंता निराळी आहे. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' शिकवताना वर्गात पांगारा, पळस, सावर ही नावे उच्चारली की पूर्वी निदान चार चेहऱ्यांवर ओळख उमटे. आता टीप द्यावी लागते, आणि टिपेतून झाड उगवत नाही. मारुती चितमपल्ली (1932-2025) ह्यांनी रानातल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावे गोळा करून मराठीला दिली, ह्याचे मोल आम्ही जाणतो. पण कोशात सुरक्षित असलेले नाव आणि तोंडात असलेले नाव ह्यांत सुकवलेल्या नमुन्याचे आणि कुंडीतल्या रोपाचे अंतर आहे. आणि जुनी नावे विसरण्यापेक्षाही नवी नावे न सुचणे आम्हांला अधिक गंभीर वाटते. बटाटा, पेरू, अननस, झेंडू, निशिगंध अशा पाहुण्यांना ज्या भाषेने घरात घेतले, तिने छापील पाटी जशीच्या तशी वाचून दाखवणे पत्करले, तर तिच्यातील कवितेचे काय होणार, हा प्रश्न साहित्याच्या वर्गाबाहेर ढकलता येणार नाही.

म्हणून मागच्या खेपेस आम्ही एम.ए.च्या मुलांना वह्या घेऊन बागेत धाडले. काम एवढेच : आवडेल ते झाड निवडायचे, आणि त्याचे नाव पाटीला न विचारता तीन माणसांना विचारायचे. बहुतेक वह्यांत अपेक्षेप्रमाणे पाट्यांचीच नक्कल परत आली. एका मुलीच्या वहीत मात्र एका लोंबत्या कुंडीची नोंद होती. विक्रेता : टर्टल वाइन. शाळकरी मुलगा : माहीत नाही. तिसरी एक आजी. तिच्या घरी हे झाड गॅलरीच्या कठड्यावरून खालच्या मजल्यापर्यंत उतरले आहे. तिने सांगितले, आम्ही ह्याला 'पसारा' म्हणतो. मुलीने ते जाऊन विक्रेत्याला सांगितले. तो हसला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने कुंडी दाखवली ती "हा पसारा, दीडशेला," असे म्हणून.