किती पायऱ्या?

आमच्याकडे वीज जात नाही, ‘लाईन’ जाते. आणि ती गेली की भंडाऱ्यातला मनुष्य आधी शेजाऱ्याच्या खिडकीकडे पाहतो. तिथेही अंधार असला म्हणजे त्याच्या जिवाला केवढे बरे वाटते!

2020 च्या ऑगस्टअखेरच्या त्या रात्री मात्र शेजारच्या अंधाराने काही बरे वाटले नाही. मध्य प्रदेशात अतोनात पाऊस होऊन सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी सोडले होते, खाली गोसेखुर्दची 33 दारे उघडली होती, आणि मधली वैनगंगा आमच्या गल्लीत शिरली होती. पाण्यात तारा जिवंत ठेवणे म्हणजे मरणाला आवतण देणे. म्हणून लाईन बंद. त्याबद्दल तक्रार नव्हती. प्रश्न एवढाच होता, की खालच्या खोलीत निजलेल्या आमच्या म्हातारीला वर केव्हा न्यायचे? ती तर हलायलाच तयार नव्हती. “मले नको नेऊ वरतं. गणपती खाली हाय,” हे तिचे एकच पालुपद.

पाणी चढते आहे की उतरते आहे, हे कळायला हवे होते. मोबाईलमध्ये 14 टक्के जीव शिल्लक होता. सगळे जग त्यात भरलेले म्हणतात. पण आमच्या गल्लीचे पाणी त्यात दिसेना. मी तो बंद करून ठेवला आणि तासाला दोन मिनिटे उघडू लागलो. एकदा पुण्याहून मुलाचा फोन लागला. त्याने दूरदर्शन संचावर भंडारा वरून पाहिला होता. “बाबा, कारध्याच्या पुलाजवळ नुसता समुद्र आहे!” आपल्या उंबऱ्याशी काय चालले आहे ते पुण्याहून कळावे! मी त्याच्यावर उगाच खेकसलो आणि फोन ठेवला. मला बालाघाटच्या वहिनींचा हवा होता. नदी आधी तिथे उतरणार, मग आमच्याकडे. पण तो येण्याआधीच टॉवर गेला. त्यांच्याही बॅटऱ्यांना अंत असतोच.

मग समोरच्या काकूंचा आवाज आला. पाच महिने टाळेबंदीच्या धाकाने आम्ही एकमेकांशी दुरून मान हलवण्यापलीकडे बोललो नव्हतो. त्या आपल्या बाहेरच्या जिन्यावर टॉर्च घेऊन बसल्या होत्या.

“गुरुजी, तिसरी बुडाली जी!”

तिसरी पायरी. त्यांची तिसरी म्हणजे आमचा उंबरठा. मी ती हाक पुढच्या गच्चीवर दिली, तिथून ती कुठवर गेली कोण जाणे. चौथी बुडाल्याची हाक आली तेव्हा मी आधी गणपती उचलला. तो वर गेलेला पाहून म्हातारी मुकाट्याने माझ्या पाठीवर आली. सहावीवर पाणी थांबले. पहाटे काकू ओरडल्या, “पाचवी दिसली!” आणि काळोखातून तीन-चार गच्च्यांवरून कोणी ‘मोरया’ म्हटले.

मुलाने पुढच्या दिवाळीत सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर धाडला. चांगला आहे, नागपूर केंद्र स्वच्छ लागते. पण अजूनही पावसात लाईन गेली, की मी तो लावण्याआधी खिडकीशी जातो. समोरच्या जिन्यावर टॉर्च लागलेला असतो.