बोटभर माती

माझे बालपण पंचगंगेच्या काठच्या एका गावात गेले. आमच्या मळ्यात नांगर कितीही खोल घातला, तरी काळ्याभोर मातीचा तळ म्हणून कधी लागत नसे. विहीर खणताना दोन पुरुष खोलीपर्यंत नुसती मातीच निघाली होती, असे आजोबा सांगत. त्यामुळे माती ही कधीही न संपणारी वस्तू आहे, अशी माझी ठाम समजूत होती. मी सहावीत असताना ती समजूत खोटी ठरली. पण त्यासाठी माझ्या हातून एक अपराध घडावा लागला.

गौरी-गणपतीच्या सुटीत मी पन्हाळ्याच्या पायथ्याशी मामांच्या गावी गेलो होतो. एके दिवशी मामा मला मसाईच्या पठारावर घेऊन गेले. १६६० च्या जुलै महिन्यात पन्हाळ्याचा वेढा फोडून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, ते याच पठारावरून. ती वाट पाहण्याच्या उत्सुकतेने मी चढलो. परंतु वर पोहोचताच माझे डोळे वाटेवरून घसरून फुलांवर खिळले. पिवळी सोनकी, पांढऱ्या गेंदांचे ताटवे आणि त्यांच्या मधून डोकावणारी सीतेची आसवे! ओल्या जागी तांबूस पानांची चिमुकली दवबिंदूची रोपे होती. त्यांच्या पानांवरील थेंब उन्हातही वाळत नव्हते. त्या चिकट थेंबांत एक मुरकूट अडकलेले मी पाहिले.

माझ्या मनात आले, या बिचाऱ्या रोपांना येथे खायला काय मिळत असेल? आपल्या मळ्यातील मातीत ती कशी तरारतील! दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता खुरपे आणि पाटी घेऊन पुन्हा वर गेलो. खुरपे रोवले, तो बोटभर खोलीवरच ते खणकन वाजले. खाली सलग जांभा दगड होता. मी खुरपे आडवे चालवले. तेव्हा फुले, मुळे आणि माती यांचा सबंध थर एखाद्या घोंगडीसारखा उचलून आला. पाटी भरली, आणि मागे ताटाएवढा तांबडा, उघडा खडक राहिला.

जवळच गुरे चारणारे एक वृद्ध धनगरबाबा उभे होते. ते रागावले नाहीत. वाकून त्यांनी त्या उघड्या खडकावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आरं लेकरा, डोंगराचं कातडं काढलंस की रं!"

मी रोपे घरी आणली, शेणखत घातलेल्या वाफ्यात लावली आणि पाणी घातले. आठ-दहा दिवसांत ती सारी कुजून गेली.

रडवेल्या चेहऱ्याने मी ही हकीकत आमच्या गुरुजींना सांगितली. त्यांनी मला स्वयंपाकघरातील मसाल्याच्या डब्यातून दगडफूल आणायला लावले. ते म्हणाले, "हे फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांचा हा एकत्र संसार आहे. असे जीव उघड्या खडकाला चिकटतात आणि आपल्या आम्लाने त्याला किंचित किंचित सैल करतात. त्या भुग्यावर शेवाळे धरते, शेवाळ्यात धूळ अडते, मग गवत येते आणि तेही तेथेच कुजते. अशी बोटभर माती साठायला शेकडो वर्षे लागतात. पावसाने तिचा कस धुऊन नेलेला असतो, म्हणून दवबिंदू कीटक पकडून आपली भूक भागवतो. त्याला तुझे खत मानवणार कसे? ज्याला तू दारिद्र्य समजलास, ते त्याचे घर होते."

पुढे मोठेपणी हिमालयातील थंड वनांतून हिंडण्याचा योग आला. तेथे वादळाने उन्मळून पडलेला एक प्रचंड वृक्ष पाहिला. त्याची मुळे खोल गेलेली नव्हतीच. ती आडवी पसरली होती आणि त्यांच्या मिठीत दगडगोटे होते. थंडीमुळे तेथे पाने लवकर कुजत नाहीत, खडकही सावकाश झिजतो, आणि जी माती होते ती उतारावरून वाहून जाते. आमच्याकडे तशी थंडी नाही. पण गगनबावड्याला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. राधानगरीच्या दाट अरण्यातही अंजनी आणि जांभूळ खडकांच्या भेगांत मुळे रोवूनच उभी असतात. मुळे माती धरतात, माती पाणी धरते, आणि त्या पाण्यावर पुन्हा अरण्य जगते. एक दुवा तुटला, की उरतो तो दगड.

दाजीपूरला १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले, आणि २०१२ साली राधानगरीच्या या अरण्याचा जागतिक वारशात समावेश झाला. हे वाचून मला आनंद झाला. परंतु मसाईवरचा तो ताटाएवढा खडक काही माझ्या मनातून जाईना. गेल्या भाद्रपदात, चाळीस वर्षांनी, मी पुन्हा तेथे गेलो. शेजारच्या दुभंगलेल्या शिळेमुळे जागा ओळखता आली. खडक अजून बहुतेक उघडाच होता. त्यावर राखी रंगाचे दगडफुलासारखे डाग पडले होते. एका खळग्यात मात्र मूठभर माती साठली होती आणि तीत गेंदाची तीन इवली फुले डोलत होती. मी पायांतले जोडे काढून बाजूला ठेवले आणि कितीतरी वेळ तेथे बसून राहिलो.

उतरताना खाली पंचगंगेचे खोरे दिसत होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या याच डोंगररांगांतून निघतात. ज्या काळ्या मातीचा मला लहानपणी गर्व वाटे, तिचा बराच भाग या नद्यांनीच डोंगरांच्या अंगावरून कणाकणाने आणून आमच्या मळ्यात ठेवला आहे. त्या दिवशी मळ्यात परतल्यावर मी मूठभर माती हातात घेतली. ती मला पूर्वीपेक्षा पुष्कळ जड वाटली.