वडा की वाडा

वेबसाइटचं कुठलंही नाव विकत घेण्याआधी मी सांगलीच्या आत्याला फोन लावतो. नाव एकदाच उच्चारायचं, स्पेलिंग सांगायचं नाही. ती इंग्रजी अक्षरांत जे टाईप करून पाठवेल ते माझ्याशी जुळलं तरच पुढची बोलणी. परवा ‘वडा’ म्हटलं, तर बाईनं डब्ल्यू लावला. रोमन लिपीत वडा आणि वाडा एकच. म्हणजे बटाटेवडेवाल्यासाठी घेतलेल्या नावावर उद्या लग्नाच्या हॉलची चौकशी यायची! ‘ज्ञ’चं तर विचारूच नका. आपण डी-एन-वाय लिहितो, उत्तरेकडचे जी-वाय. दोन्ही घ्यावीत तर खर्च दुप्पट.

१९९५ पर्यंत डॉट कॉम नोंदवायला पैसेच पडत नव्हते. त्या वर्षी दोन वर्षांना १०० डॉलर सुरू झाले. १९९९ मध्ये बिझनेस डॉट कॉम ७५ लाख डॉलरला गेलं, आणि तो आकडा ऐकून माझ्यासारखे पुष्कळ जण नावं घेऊन विकण्याच्या या धंद्यात घुसले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं रेडिफच्या तक्रारीवरून ‘रॅडिफ’ नाव वापरणाऱ्याला रोखलं. फरक एका अक्षराचा. म्हणून कंपन्यांच्या नावांच्या वाटेला मी जात नाही. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील.

लोकांना वाटतं, नाव म्हणजे प्लॉट, घेऊन ठेवला की झालं. पण प्लॉट आपला असतो. हा भाडेपट्टा. एका वेळी फार तर दहा वर्षांचा, आणि भाडं आपणच भरायचं. माझ्याकडच्या बहुतेक नावांनी आजवर एक रुपया दिलेला नाही. दर वर्षी यादी काढून बसतो आणि चार-पाच नावांवर काट मारतो. डॉट कॉमची मुदत संपली तरी ते लगेच सुटत नाही. आधी रजिस्ट्रारची, म्हणजे नोंदणी करणाऱ्या कंपनीची, सवलतीची मुदत, मग ३० दिवसांची सोडवणूक, मग शेवटचे ५ दिवस. सोडवणुकीचा दंड मूळ फीच्या कैक पट. एकदा मोहापायी भरलाय.

चार वर्षांपूर्वी कोल्हापूरहून एका ताईंचा फोन आला. कांदा-लसूण मसाल्याचं डॉट कॉम माझ्याकडे होतं. मी चाळीस हजार सांगितले. पलीकडे कांडप मशीनचा धडधडाट चालू होता, त्यावर आवाज चढवून त्या म्हणाल्या, “दादा, एवढ्यात माझं दुसरं मशीन येईल की!” मी वीसवर आलो. त्या हसल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी तेच नाव डॉट इनमध्ये काही शे रुपयांत घेतलंसुद्धा.

आता त्यांच्या पाकिटांवर डॉट इन छापलेलं असतं. मागच्या आठवड्यात आत्यानं तिथून दोन किलो मसाला मागवला. पत्ता तिनंच टाईप केला, स्पेलिंग कुणाला न विचारता. माझ्या डॉट कॉमचं भाडं १४ तारखेला भरायचंय.