नॅरोजच्या काठी नांगरलेली जहाजं

पाहुणे आले की आपल्या न्यू जर्सीकरांची वरात ठरलेली: लिबर्टी, एम्पायर स्टेट, आणि संध्याकाळी ओक ट्री रोडवर चाट. आम्ही हल्ली त्यात एक जागा घुसवतो. गोएथल्स ब्रिजवरून स्टॅटन आयलंडला जायचं आणि फोर्ट वॉड्सवर्थच्या उंचवट्यावर उभं राहायचं. न्यूयॉर्क मॅरेथॉन इथूनच सुटते. समोर १९६४ सालचा व्हेराझानो पूल, मधला गाळा ४२६० फुटांचा. त्याखालची चिंचोळी सामुद्रधुनी म्हणजे नॅरोज, न्यूयॉर्क बंदराचा दरवाजाच. डाव्या हाताला स्टेपलटनचा नांगरवाडा, तिथे जहाजं निवांत उभी असतात. कुणी धक्का मोकळा व्हायची वाट बघतंय, कुणी तेल भरून घेतंय.

५ एप्रिल २०२४ च्या रात्री मात्र इथे उभं राहिलेलं जहाज निवांतपणे आलेलं नव्हतं. 'एपीएल चिंगडाओ', लांबी सुमारे ११४५ फूट. किल व्हॅन कलच्या अरुंद खाडीतून बाहेर पडताना, साडेआठच्या सुमारास, त्याचं इंजिन बंद पडलं. बरोबर टगबोटी होत्या म्हणून निभावलं. त्यांनी त्याला सांभाळत आणून पुलाच्या अलीकडे, वाहतुकीच्या मार्गाबाहेर, नांगरावर उभं केलं. ही बातमी एरवी कुणी वाचलीही नसती. पण दहाच दिवसांपूर्वी, २६ मार्चला, बाल्टिमोरमध्ये 'डाली'ने फ्रान्सिस स्कॉट की पूल पाडला होता.

एवढ्या धुडाचं इंजिन बंद पडतंच कसं, हा पाहुण्यांचा हमखास प्रश्न. (इंजिनिअर यजमान मिळाल्यावर सुटका नाही!) मोठ्या मालवाहू जहाजाला बहुधा एकच मुख्य इंजिन असतं, थेट पंख्याला जोडलेलं. पण त्याला वंगण आणि थंड पाणी पुरवणारे पंप चालतात विजेवर, आणि वीज येते वेगळ्या जनित्रांतून. वीज गेली की पंप थांबतात, आणि इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. आणीबाणीच्या जनित्राला सुरू व्हायला नियमाने ४५ सेकंदांची मुभा आहे. ते सुकाणू हलवतं, पण पंखा फिरला नाही तर सुकाणूवर पाण्याचा जोर पडत नाही.

मग नांगर का नाही टाकत? 'डाली'ने टाकला होता. पण नांगर हा ब्रेक नव्हे. उभ्या जहाजाला धरून ठेवण्यासाठी तो असतो, आणि त्यातही निम्मं काम तळावर आडव्या पडलेल्या जड साखळीचं. आठ नॉटच्या वेगाने जाणारं भरलेलं जहाज तो काही मिनिटांत थांबवू शकत नाही. 'डाली'च्या टगबोटी धक्क्यावरून सुटल्यावर, तिथल्या रिवाजाप्रमाणे, परत गेल्या होत्या. आमच्या मते सगळा फरक तिथेच पडला.

आणि मूळ बिघाड? २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी चौकशीचा निष्कर्ष आला: एका तारेवरचं लेबल चुकीच्या जागी बसवल्यामुळे ती तार टर्मिनलमध्ये पूर्ण शिरलीच नव्हती. एक सैल तार! आमच्या व्यवसायातल्या माणसाला हे वाचून झोप लागणं कठीण.

'डाली'वरच्या २१ जणांपैकी २० भारतीय होते. पायलटने वेळेवर धोक्याचा संदेश दिला, पोलिसांनी पुलावरची वाहतूक अडवली, म्हणून कितीतरी गाड्या वाचल्या. वाचले नाहीत ते पुलावर रस्त्याचे खड्डे बुजवणारे सहा मजूर. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोरहून पोटासाठी आलेले. त्याच दिवसांत खलाशांना अडाणी, अर्धनग्न दाखवणारं व्यंगचित्रही फिरलं. ते पाहून आमच्या घरी बराच वेळ कुणी बोललं नाही. जहाज २० मे रोजी हलवलं, तरी माणसं त्यावरच होती. पहिले काही जण घरी गेले ते जूनमध्ये.

फोर्ट वॉड्सवर्थला जाल तेव्हा दुर्बीण न्या, आणि जाकीट उन्हाळ्यातही न्या, वारा बोचतो. जहाजाच्या पुढच्या टोकाला काळा गोळा टांगलेला दिसला तर समजा, ते नांगरावर आहे. मागच्या बाजूला नोंदणीच्या गावाचं नाव असतं, व्हॅलेटा, मन्रोव्हिया, असं काहीबाही. त्यावर जाऊ नका. डेकवर कुणी कठड्याला टेकून उभं असेल तर हात करा. आमच्या धाकट्याने गेल्या खेपेला केला, आणि तिकडूनही हात हलला.